मराठीच्या नव्या शिक्षकांसाठी : आकलन आणि रसग्रहण

दहावीच्या कृतिपत्रिकेची (कृतींवर आधारित प्रश्नपत्रिकेची) तयारी करून घेताना, आधी प्रश्न वाचून मग उताऱ्यात उत्तर हुडकण्याची सवय मुलांना लावू नका. अशा मुलांना आकृतिबंध (उत्तरांच्या रिकाम्या चौकटी) भरता येतो, पण लेखकाला काय म्हणायचे आहे ते सांगता येत नाही. उतारा मोठ्याने वाचून घ्या आणि प्रत्येक परिच्छेदाचा आशय मुलांकडूनच वदवून घ्या. अपठित गद्यासाठी, म्हणजे पाठ्यपुस्तकाबाहेरच्या उताऱ्यांच्या सरावासाठी, आपल्या वाईत संपादित झालेल्या मराठी विश्वकोशातील लहान नोंदी उत्तम.

खरी कसोटी रसग्रहणात, म्हणजे कवितेतले सौंदर्य उलगडून दाखवण्यात, लागते. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये हे मुद्दे मुलांना तोंडपाठ असतात, पण तिन्हींखाली ती कवितेचा सरळ अर्थच लिहितात. अशा वेळी 'हे तुला कोणत्या ओळीवरून वाटले?' हा प्रश्न सोडू नका. माण-खटावसारख्या दुष्काळी तालुक्यांतल्या वर्गात फळ्यावर एवढेच लिहून पाहा : 'आजोबांनी आभाळाकडे पाहिले आणि नांगर पुन्हा भिंतीला टेकवून ठेवला.' दुःखाचा उल्लेख नसतानाही ते नेमके कुठून जाणवते, हे दुष्काळ पाहिलेली मुले बोट ठेवून दाखवतात आणि तिथूनच रसग्रहण सुरू होते. (म्हणूनच नववीपर्यंत तरी तयार उत्तरांचे गाइड वर्गात येऊ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.) मुलाचे उत्तर तुमच्यापेक्षा वेगळे निघाले आणि त्याला ओळीचा आधार असला, तर त्याला पूर्ण गुण द्या.