सॅल्मन बंद म्हणजे नक्की काय बंद?

प्रश्न: मी मूळचा मालवणचा, आता फ्रीमॉन्टला. लायसन्स काढलं, रॉड घेतला आणि समजलं की कॅलिफोर्नियात २०२३ आणि २०२४ ला सॅल्मनची मासेमारीच बंद होती! आपल्याकडे पावसाळी बंदी दोन महिन्यांची असते, इथे वर्षंच्या वर्षं? आणि आम्ही हौशी लोक असे किती पकडतो हो?

उत्तर: अहो दादा, रॉडचं दुःख समजलं, पण आपली १ जून ते ३१ जुलैची बंदी दरवर्षीची ठरलेली, आणि इथे मात्र नदीत परतणारे मासेच इतके कमी झाले की २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षं समुद्रातली सॅल्मन मासेमारी, हौशी आणि धंद्याची, पूर्ण बंद ठेवली. २००८-०९ लाही जवळपास असंच झालेलं. इथल्या सॅक्रामेंटो नदीतला चिनूक (सॅल्मनचीच एक जात) साधारण तीन वर्षांचा झाला की अंडी घालायला परततो, म्हणजे २०२० ते २२ च्या दुष्काळात पाणी आटलं, तापलं, साधारण १३ डिग्रीच्या वर गेलं की नदीतळाच्या खडीत पुरलेली अंडी मरायला लागतात, त्याचा फटका नंतर दिसला. त्यात धरणांमुळे वरचा थंड पाण्याचा भाग कधीचाच तुटलाय.

हौशी लोक किती पकडतात? २०२५ मध्ये जूनचा एक वीकेंड उघडला, ७,००० माशांची मर्यादा ठेवून, आणि ती त्या दोनच दिवसांत पार! सॅल्मन नाही मिळाला तरी लायसन्स वाया नाही, रॉकफिश आणि स्ट्राइप्ड बास आहेत की, फक्त निघायच्या आदल्या दिवशी नियम बघा, सीझनच्या मधेही बदलतात. रॉकफिशचं तिरफळ घालून कालवण झकास होतं, सॅल्मनचं तसंही तेलकटच लागतं (माझं मत).