राजकीय कल जन्मजात की संस्कारांतून? दोन सख्ख्या भावांच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही आणि तुमचा धाकटा भाऊ एकाच घरात वाढलात, आईवडील तेच, शाळा तीच, तरी आज राजकारणाचा विषय निघाला की दोघं दोन टोकांना असता. मग संस्कारांना अर्थ काय उरला, की हे रक्तातच असतं? यावर "रक्तातच असतं" आणि "सगळे घरचे संस्कार" अशी दोन्ही उत्तरं छातीठोकपणे दिली जातात, आणि दोन्हींनी तुमचं कोडं सुटत नाही. मी बरीच वर्षं मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जुळ्यांचे अभ्यास शिकवते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'राजकीय कल' म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. पहिला माणसाचा पिंड: नवं काही आलं की तो आधी पुढे होतो की आधी बिचकतो, नियम मोडणाऱ्याची त्याला किती चीड येते, अनोळखी माणसावर किती पटकन विश्वास टाकतो. दुसरी त्याची मतं: फाशीची शिक्षा असावी का, श्रीमंतांवर कर किती असावा. तिसरा त्याचा पक्ष. या तिन्हींमध्ये आनुवंशिकतेचा वाटा सारखा नाही. सगळी गोची इथेच आहे.

जॉन अल्फर्ड, कॅरोलिन फंक आणि जॉन हिबिंग या अमेरिकी संशोधकांनी 2005 साली जुळ्यांच्या जुन्या माहितीवर काम करून एक निबंध छापला. या विषयावरचा वाद तिथून खऱ्या अर्थाने पेटला. जुळ्यांना शब्दांची एक यादी दिली होती: शाळेतली प्रार्थना, मालमत्ता कर, फाशी, घटस्फोट, मॉडर्न आर्ट, असे 28 शब्द. प्रत्येकापुढे पटतं, पटत नाही किंवा सांगता येत नाही, एवढंच लिहायचं. मग एकाच बीजांडापासून झालेल्या जुळ्यांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात आणि दोन वेगळ्या बीजांडांपासून झालेल्यांची किती, हे ताडून पाहिलं. पहिल्या प्रकारच्या जुळ्यांची जनुकं जवळपास पूर्ण सारखी असतात. दुसऱ्या प्रकारात, माणसामाणसांत जी जनुकं बदलतात त्यांतली सरासरी निम्मी सारखी असतात, म्हणजे कुठल्याही सख्ख्या भावंडांइतकीच. घर दोन्हीकडे एकच, वयही एकच. तेव्हा पहिल्या जोड्यांची मतं जेवढी जास्त जुळतील, तेवढा जनुकांचा हात जास्त, असा हा हिशेब.

सगळ्या उत्तरांची मिळून गोळाबेरीज केली तेव्हा लोकांमधल्या फरकापैकी 53 टक्के जनुकांच्या खात्यात गेला, एकत्र घराच्या खात्यात जेमतेम 11 टक्के, आणि उरलेला 36 टक्के ज्याच्या-त्याच्या स्वतंत्र अनुभवांच्या. पण पक्षाबद्दल विचारलं तेव्हा चित्रच पालटलं: जनुकं 14 टक्के, घर 41 टक्के, स्वतंत्र अनुभव 45 टक्के. पक्षाचं बाळकडू घरातून मिळतं. सगळ्या मतांचा मिळून जो कल दिसतो, त्याची मुळं बरीचशी पिंडात असतात. बातम्यांत मात्र पहिला आकडाच गाजला.

त्या 53 टक्क्यांचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. तुमच्या मतांपैकी 53 टक्के मतं जन्मजात, असा तो अर्थ अजिबात नाही. एका समाजात, एका काळात, माणसामाणसांत जो फरक दिसतो त्याची ती वाटणी आहे. हाताला पाच बोटं असणं पूर्णपणे जनुकांनी ठरतं. पण लोकांच्या बोटांच्या संख्येत जो फरक सापडतो तो बहुतेक अपघातांमुळे, म्हणून त्या फरकाची आनुवंशिकता अगदी कमी निघते. म्हणजे हा आकडा एकट्या माणसाबद्दल काहीच सांगत नाही आणि समाज बदलला की तोही बदलतो. दरवर्षी या एका मुद्द्यावर मी सर्वांत जास्त वेळ देते, कारण तो निसटला की पुढचं सगळं उलटंपालटं होतं.

पद्धतीवर आक्षेपही आहेत आणि ते रास्त आहेत. हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांना लोक वागवतात सारखं, त्यांचे मित्र सामाईक असतात, मोठेपणीही ती एकमेकांच्या जास्त संपर्कात राहतात. त्यामुळे जनुकांच्या खात्यावर थोडं जास्त जमा होत असणार असं मला वाटतं. पण आकडा खाली आणला तरी तो शून्यावर येत नाही. 2014 साली पाच लोकशाही देशांतल्या 12,000 हून अधिक जुळ्यांच्या जोड्यांची माहिती एकत्र केली तेव्हाही मोजणीच्या जवळजवळ प्रत्येक पद्धतीत आनुवंशिकतेचा वाटा दिसला. त्याच कामात सबंध जनुकसंच चाळला, तर ठामपणे बोट ठेवावं असं एकही जनुक हाती लागलं नाही. 'राजकारणाचं जनुक सापडलं' असा मथळा दिसला तर पुढे वाचू नका. काही असलंच तर ते हजारो जनुकांच्या बारीक बारीक परिणामांची बेरीज आहे.

या क्षेत्रातले सनसनाटी निष्कर्ष मी आता जपूनच घेते. भीतिदायक चित्रं पाहून किंवा अचानक मोठा आवाज ऐकून ज्यांचं शरीर जास्त दचकतं ते परंपरावादी असतात, असा 2008 सालचा एक अभ्यास फार गाजला. त्यात माणसं होती फक्त 46. मोठ्या गटावर तोच प्रयोग पुन्हा केला, 2020 साली निकाल छापला, आणि तो संबंध काही सापडला नाही. दुसऱ्या एका गाजलेल्या निबंधात उदारमतवादी आणि परंपरावादी यांचे आकडेच अदलाबदल झाले होते. 2012 सालच्या त्या निबंधाची दुरुस्ती 2016 मध्ये छापावी लागली. चुका उघडपणे दुरुस्त होतात ही शास्त्राची जमेची बाजू आहे. पण पहिली बातमी लाखो लोक वाचतात, दुरुस्ती वाचणारे मोजकेच.

आता तुमच्या घराकडे येते. पीटर हटेमी आणि सहकाऱ्यांनी 2009 साली वयानुसार पाहणी केली. पौगंडावस्थेत मुलांच्या राजकीय मतांमधल्या फरकावर आनुवंशिकतेची खूण दिसतच नाही. परिस्थितीचाच अंमल असतो. विशीच्या सुरुवातीला, आणि तेही आईवडिलांचं घर सोडलेल्यांमध्ये, आनुवंशिकतेचा वाटा एकाएकी वर येतो आणि पुढे टिकतो. मला हा निष्कर्ष या सगळ्या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. घरात असेपर्यंत दोन भाऊ सारखं बोलतात, कारण जेवताना कानावर तेच पडतं. बाहेर पडल्यावर जो-तो आपल्या पिंडाला मानवेल असे मित्र, काम, वाचन निवडतो, आणि ती निवड पुन्हा त्याच कलाला खतपाणी घालते. सख्खे असलात तरी तुमच्यात नि भावात जनुकांचाही भरपूर फरक आहे. तुम्ही घर सोडल्यावर दुरावलात, असं असेल तर त्यात नवल नाही.

म्हणून संस्कार वाया जातात असंही नाही. दत्तक मुलांवरच्या अभ्यासांत मोठी झालेली दत्तक मुलंही मतांच्या बाबतीत वाढवणाऱ्या आईवडिलांशी काही अंशी जुळतात, पोटच्या मुलांइतकी नाही, पण जुळतात. मात्र घराचा प्रभाव पालकांना वाटतो तसा सरळ रेषेत जात नाही. एलियास डिनास यांनी 2014 साली दाखवलं की ज्या घरात राजकारण फार, तिथली मुलं लहानपणी आईवडिलांचा पक्ष पटकन उचलतात, पण बाहेर पडून स्वतः राजकारणात रस घेऊ लागली की तो सोडणाऱ्यांतही तीच पुढे असतात. आणि 2015 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात निम्म्याहून अधिक मुलांना आईवडिलांचा पक्ष एकतर नीट ठाऊक नव्हता किंवा ठाऊक असून त्यांनी तो स्वीकारला नव्हता.

पिंड एकच असला तरी तो कशाला चिकटेल हे समाज ठरवतो. शिस्तप्रिय, अधिकाराला मानणारी, रूढ ते जपणारी माणसं अमेरिकेत साम्यवादाची कट्टर विरोधक असतात. सोव्हिएत व्यवस्था संपत आली त्या सुमारास तिथे पाहणी झाली, तर याच स्वभावाची माणसं साम्यवादाची आणि समतेची पाठराखण करताना आढळली. तिथे रूढ तेच होतं. जर्मनीचं उदाहरण तर त्याहून थेट आहे: लोक एकच, भाषा एकच, 1949 ते 1990 दोन राज्यं, त्यांतलं पूर्वेकडचं साम्यवादी. अलेसिना आणि फुक्स-श्युंडेल्न या अर्थशास्त्रज्ञांनी 2007 साली दाखवलं की एकत्रीकरणानंतरही पूर्वेकडच्या लोकांना आजारपण, बेकारी, म्हातारपण यांची जबाबदारी सरकारने घ्यावी असं पश्चिमेपेक्षा स्पष्टपणे जास्त वाटत होतं, आणि हे अंतर मिटायला एक-दोन पिढ्या लागतील असा त्यांचा अंदाज होता. सीमारेषा आखताना कुणी जनुकं पाहिली नव्हती.

आणखी एक गोष्ट आहे, जी ना जनुकांत बसते ना संस्कारांत. 1 डिसेंबर 1969 रोजी अमेरिकेत व्हिएतनाम युद्धासाठी सक्तीच्या भरतीची सोडत निघाली. काचेच्या मोठ्या बरणीत 366 निळ्या कॅप्सूल, प्रत्येकीत वर्षातल्या एकेका तारखेची चिठ्ठी. पहिली निघाली 14 सप्टेंबर. 1944 ते 1950 दरम्यान त्या तारखेला जन्मलेले तरुण सर्वांत आधी बोलावले जाणार होते. योगायोगाने 1947 च्या सुमारास जन्मलेल्या मुलांच्या एका गटाच्या मुलाखती 1965 मध्ये, शाळेच्या शेवटच्या वर्षात, आधीच झाल्या होत्या. पुढे 1973 आणि 1997 मध्ये त्यांनाच पुन्हा गाठलं. रॉबर्ट एरिक्सन आणि लॉरा स्टोकर यांनी 2011 साली हा हिशेब मांडला: कॉलेजच्या सवलतीमुळे तोवर भरतीतून वाचलेल्या मुलांपैकी ज्यांचा क्रमांक आधीचा आला, म्हणजे ज्यांच्यावर भरतीची टांगती तलवार होती, ते जास्त युद्धविरोधी आणि जास्त उदारमतवादी झाले. कित्येकांनी घरून आणलेला पक्षही बदलला, आणि युद्धाबद्दलची त्यांची मतं पुढे कित्येक वर्षं तशीच राहिली. एका चिठ्ठीमुळे! जुळ्यांच्या हिशेबातला तो 36 किंवा 45 टक्क्यांचा 'स्वतंत्र अनुभवांचा' वाटा कोरडा दिसतो, पण त्यात नोकरी जाणं, एखादा शिक्षक भेटणं, ऐन विशीत देशात काहीतरी मोठं घडणं, हे सगळं असतं.

दोघांच्या वयात किती अंतर आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते महत्त्वाचं आहे, कारण साधारण 14 ते 24 या वयात घडलेल्या घडामोडी मतदाराच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटवतात असं अमेरिकी मतदारांच्या दीर्घ नोंदींवरून दिसतं. सात-आठ वर्षांचं अंतर असेल तर घर एक असूनही तुम्ही दोघं दोन वेगळ्या काळांत मोठे झालात. शिवाय पुढच्या वेळी वाद होईल तेव्हा पक्षाचं नाव न घेता एकेक मत बोलून पाहा: कर, शिक्षा, शाळा, आरोग्य. फरक पक्षापुरताच निघाला तर ती गोष्ट वेगळी, आणि एकामागोमाग एक मुद्द्यांवर निघाला तर वेगळी. काय निघालं ते अंतरासकट इथे लिहा, म्हणजे पुढचं नेमकेपणाने बोलता येईल.