कामासाठी तीन आठवडे शेन्झेन-ग्वांगझूला चाललोय. सुट्टीच्या दिवशी खरेदीशिवाय पाहण्यासारखं काही आहे का?

आहे, भरपूर आहे. 'तिकडे खरेदीशिवाय काही नाही' असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं, ते शेन्झेनमधल्या ह्वाचियांगबेईच्या इलेक्ट्रॉनिक्स मार्केटपलीकडे गेलेले नसणार. हे वाक्य मी घरातही अनेक वर्षं ऐकतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं काम प्लास्टिक मोल्डचं. चाकणहून डोंगग्वानच्या चांगआन भागात अनेक खेपा झाल्या. शेन्झेनला लागूनच आहे ते. आधीच सांगतो, सुट्टीचे दोन दिवस धरू नका. मोल्डवाले शनिवारीही काम करतात, तुमच्या हातात फार तर रविवार. 2019च्या जूनमध्ये आमच्या टी-वन ट्रायलला, म्हणजे नव्या मोल्डच्या पहिल्या चाचणीला, पार्टिंग लाइनवर फ्लॅश येत होता, मोल्डच्या दोन भागांच्या सांध्यातून जास्तीचं प्लास्टिक बाहेर पडत होतं. शनिवारी रात्री अकरापर्यंत मशीनपाशी उभा होतो. रविवारी खरं तर झोपायचं होतं, आणि खिशात साडूंनी दिलेली यादी होती: पॉवर बँक, इअरफोन, ड्रोन. पण कारखान्यातली दुभाषी मुलगी म्हणाली, हूमन इथून जवळ आहे, तेवढं बघून या.

हूमनला 3 जून 1839 पासून 23 दिवस अफू नष्ट करण्याचं काम चाललं होतं. चिनी सम्राटाने पाठवलेल्या लिन झेशू या अधिकाऱ्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून 20 हजारांहून जास्त पेट्या ताब्यात घेतल्या. अफू नुसती जाळली तर तिचा काही भाग जमिनीत मुरतो आणि लोक ती माती खणून नेतात, म्हणून त्याने समुद्रकाठी मोठी तळी खोदून घेतली. त्यात मिठाचं पाणी, पाण्यात अफू, वरून चुना. चुन्याने पाणी आपोआप उकळायला लागलं की लोक फावड्यांनी घोटायचे आणि ओहोटीला दारं उघडून सगळं समुद्रात सोडून द्यायचे. त्याआधी लिनने समुद्रदेवतेची पूजा करून माफी मागितली, जलचरांना थोडे दिवस दूर ने म्हणून विनवलं. ज्याच्या समुद्रात ही घाण जाणार त्याची आधी परवानगी घेणारा अधिकारी मला फार मोठा वाटतो.

तळ्यांची जागा राखलेली आहे, शेजारी संग्रहालय आहे. मी काठावर उभा होतो. बाजूला एक आजोबा नातवाला घेऊन आले होते, हातात लिचीची पिशवी. त्यांनी विचारलं, 'यिन्दू?' म्हणजे भारत का. मी मोबाइलवर 'मुंबई' टाइप करून भाषांतर दाखवलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, 'मंगमाई', मान हलवली आणि चार लिची माझ्या हातावर ठेवल्या. मी सोलेना म्हणून एक स्वतः अंगठ्याच्या नखाने सोलून दिली. ती लिची माझ्या घशाखाली उतरेना. कारण त्या पेट्यांतल्या पुष्कळशा माझ्याच गावाहून आल्या होत्या, हे मला ठाऊक होतं.

बंगालची अफू कलकत्त्याहून जायची आणि माळव्याची मुंबईहून. माळवा म्हणजे शिंदे-होळकरांचा मुलूख. पिकवणारे आपले, सावकार आपले, जहाजं भरणारे आपले. जमशेटजी जीजीभॉय यांची मोठी कमाई चीनच्या कापूस आणि अफूच्या व्यापारातली होती. त्या पैशातून जे. जे. हॉस्पिटलला देणगी गेली. माझ्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जेजेतच झालं. ती देणगी खरी, आजीची दृष्टी खरी आणि हे तळंही खरं.

परत आल्यावर गणपतीत सगळे जमले तेव्हा हे सांगितलं. साडू म्हणाले, 'ते इंग्रजांनी केलं, आपला काय संबंध? आपण तर डॉ. कोटणीस दिले त्यांना. आणि तू रविवार फुकट घालवलास.' तेव्हा बायकोने डोळे वटारले म्हणून गप्प बसलो. आज लिहितो. सोलापूरच्या कोटणीसांचं पथक 1938 साली ग्वांगझूमार्गेच चीनमध्ये शिरलं. ग्वांगझूला जाणाऱ्या पर्ल नदीच्या मुखाशीच हूमन आहे, आणि त्याच नदीतून शंभर वर्षं आधी आपली अफू गेली. कोटणीसांचं नाव घेताना 'आपण' म्हणायचं आणि अफूचं नाव निघालं की 'इंग्रज', हे मला पटत नाही. अफू नष्ट केल्यावर इंग्रजांनी चीनवर लढाई लादली हे खरंच, पण नफा एकट्या इंग्रजांनी खाल्ला नाही.

तर हूमनला जा. शेन्झेन नॉर्थ किंवा ग्वांगझू साउथवरून हायस्पीड ट्रेनने हूमन स्टेशन, पुढे टॅक्सी. वेळ उरला तर हूमन पुलाखालचा वेइयुआन किल्लाही बघा; 1841 मध्ये हूमनचे किल्ले लढवताना सेनापती ग्वान थ्येनपेई पडला.

ग्वांगझूला दुसरा रविवार द्या. चेन घराण्याचं वाडावजा देवघर, 1894 साली पूर्ण झालेलं, त्याच्या आढ्यावरचं चिनीमातीचं काम मान दुखेपर्यंत बघण्यासारखं. मग शामियान बेट, जिथे इंग्रज-फ्रेंच वसाहती होत्या. ह्वालिन मंदिरही चुकवू नका. भारतातून समुद्रमार्गे आलेला बोधिधर्म तिथेच उतरला अशी परंपरा आहे. शेन्झेनमधल्या नकली आयफेल टॉवरच्या पार्कला माझ्या मते तासभरही देऊ नये.

शाकाहारी असाल तर 'वो छ सू' एवढं पाठ करा, मोठ्या मंदिरांच्या आसपास शाकाहारी जेवण मिळतं. पासपोर्ट जवळ ठेवा, रेल्वेला लागतोच. जून ते सप्टेंबर वादळांचा काळ, त्यामुळे शनिवारी रात्री अंदाज बघूनच निघा. आणि हे आधी लिहायला हवं होतं: व्हिसा सिंगल एंट्री असेल तर रविवारी हाँगकाँग-मकाऊला जाऊ नका, परत चीनमध्ये शिरता येणार नाही.

घरच्यांची यादी असेलच. ती कारखान्यातल्या कुणाला तरी ऑनलाइन मागवायला सांगा, हॉटेलवर पोचते. रविवार तिला देऊ नका.