शेवाळ दिसलं म्हणून टाकी मोडू नको

भाऊ, तुझ्या खाऱ्या पाण्याच्या कोरलच्या (प्रवाळाच्या) टाकीत शेवाळ आलंय, तो फोटो पाहिला. नवीन टाकीत पहिल्या दीड-दोन महिन्यांत तपकिरी थर येतोच, तो बहुतेकदा आपणच ओसरतो. कोरलला चिकटलेलं हिरवं केसाळ शेवाळ मात्र सोडू नको.

आधी पाणी. आपल्याकडे बऱ्याच बोअरच्या पाण्यात शेतातल्या खताचं नायट्रेट उतरलेलं असतं, अन् तेच शेवाळाचं खाद्य. मी पहिलं वर्षभर तेच गाळून वापरलं अन् शेवाळ कपाशीसारखं फुललं. आरओ-डीआय (पाण्यातले क्षार पार काढणारा फिल्टर) लाव, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) ० यायला पाहिजे. पिण्याच्या पाण्याचा घरातला आरओ पुरत नाही. उन्हाळ्यात पाणी झपाट्यानं उडतं, पण मीठ मागे राहतं. म्हणून वरून भरायचं पाणी बिनमिठाचं.

मग हे:
- दिवा ८ तासच, खिडकीचं ऊन नको.
- खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच.
- शेवाळ चिमट्यानं उपट, सोबत नळीनं ओढून घे. सुटलेले तुकडे दुसरीकडे रुजतात.
- आठवड्याला १० टक्के पाणी बदल.

शेवाळ मारायचं औषध आत्ता नकोच, मेलेलं सडून त्यातलं खाद्य पुन्हा पाण्यातच उतरतं. अन् टेस्ट किटवर नायट्रेट ० दिसलं तर हुरळू नको बाप्पा, ते शेवाळानंच खाल्लेलं असू शकतं.