गंजिफा नव्याने घेताय? आधी हुकूम विसरा

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. सावंतवाडीचा दशावतारी संच घेतलात ना, मग १२० पानं बघून बिचकू नका. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं. राजा आणि प्रधान सोडले तर बाकी एक्का ते दश्शी. आधी चिन्हं पाठ करा: मत्स्याचा मासा, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू. दश्शीवर दहा मासे त्या गोल पानात कसे बसवलेत ते जरा निरखून बघाच. चिताऱ्याचा हात तिथेच कळतो, राजाच्या मुकुटात नव्हे. हुकूम शोधत बसू नका, तो नसतोच. गोंधळ पुढे आहे: राजा-प्रधानांखाली पाच अवतारांत दश्शी वरचढ, उरलेल्या पाचांत एक्का. उतारी, म्हणजे डावाची पहिली चाल, दिवसा रामाची, रात्री कृष्णाची. आणि ओल्या हातांनी पानं पिसू नका.