नदी सोडू नकोस

लेकरा,

"साडेबारापर्यंत माझं सगळं पैठण बघून झालं, मॅडम. मग काय करावं ते कळेना. स्टँडवर बसून राहिले आणि मिळेल त्या गाडीनं होस्टेलला आले. एकटीनं फिरणं मला जमतच नाही बहुतेक."

तुझ्या मेसेजमधलं हे शेवटचं वाक्य खोटं आहे. ते तुझ्या डोक्यात पक्कं बसायच्या आत खोडून काढावं, म्हणून लिहायला बसले. शाबासकी वगैरे देत नाही. पाथरीकडच्या खेड्यातून येऊन तू छत्रपती संभाजीनगरात एकटी राहतेस, मेस बंद असली की हातानं करून खातेस. तुझ्या हिमतीबद्दल मला शंका नाही. माझी तक्रार आहे ती तू दिवस कसा घालवलास त्याबद्दल.

तू रिक्षा केलीस. स्टँडवरून एकनाथांची समाधी, तिथून जायकवाडी धरण, धरणावरून उद्यानाचं फाटक, ते बंद म्हणून पैठणीचं दुकान, मग गावातलं नाथमंदिर, म्हणजे नाथांचा वाडा, आणि परत स्टँड. मोबाईलनं दिलेली यादी तू पुरी केलीस. यात गोदावरी किती वेळ तुझ्यासोबत होती? पुलावरून दिसली असेल, समाधीच्या मागं दिसली असेल. दिसली आणि तू पुढं गेलीस.

पैठणला गेल्यावर नदी सोडायची नसते. मला सांगायचंय ते एवढंच, आणि या पत्रात मी तेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

नाथांच्या गोष्टी आठव. तुझ्या आजीनं नक्की सांगितल्या असतील. नाथ गोदेवर आंघोळ करून येतात, वाटेत एक जण त्यांच्यावर थुंकतो, नाथ मुकाट्यानं परत फिरून बुडी मारून येतात, तो पुन्हा थुंकतो. भर उन्हात वाळवंटातल्या तापल्या वाळूवर अस्पृश्य मानलेल्या घरचं पोर रडत असतं, नाथ ते उचलून कडेवर घेतात. श्रीखंड्या नदीवरून कावडीनं पाणी आणून वाड्यातला रांजण भरतो. आणि शेवटी, शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथ स्वतःच त्या पाण्यात उतरतात. या सगळ्या गोष्टी कुठं घडल्या? वाडा आणि नदी यांच्या मधल्या वाटेवर. तू वाड्यात जाऊन रांजण बघितलास, समाधीवर जाऊन डोकं टेकवलंस आणि मधली वाट रिक्षात बसून काढलीस. जिथं गोष्ट घडली तेवढीच जागा तू गाळलीस, आणि मग म्हणतेस बघण्यासारखं संपलं!

म्हणून पुढच्या वेळी गावातल्या नाथमंदिरापासून निघ आणि पायीच नदीवर ये. रस्ता विचारायचा तो बायकांना विचार, आणि "नाथांची समाधी कुठंय" असं न विचारता "नदीवर कसं जायचं" असं विचार. गल्ल्या अरुंद आहेत, मधेच एखाद्या जुन्या वाड्याची कोरीव चौकट दिसेल, तिला बिलगून सिमेंटचं दुकान दिसेल. थांब, बघ, पण उतार सोडू नकोस. उतार तुला पाण्यापाशी नेईल.

नागघाटावर बस. ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले ते इथं, असं सगळा मराठवाडा मानतो. आळंदीची ती भावंडं शुद्धिपत्र मागायला इतक्या लांब का आली असतील? कारण धर्माचा निवाडा करणारी विद्वानांची सभा पैठणची होती आणि तिचा शब्द चालायचा. शिवाय त्यांचं मूळ गाव आपेगाव, इथून खाली याच नदीच्या काठी. म्हणजे ज्यांना संन्याशाची पोरं म्हणून हिणवलं, ती पोरं याच पाण्याची होती. हे मी वर्गात कितीदा शिकवलं. पण घाटाच्या पायरीवर बसून समोर बघत जेव्हा पहिल्यांदा मनात आलं, तेव्हा मला त्या सभेचा राग आला. वर्गात कधी आला नव्हता.

त्याआधी मी पैठणला आले होते, नाही असं नाही. वडील गेले तेव्हा जीपनं आलो. पुरुषमाणसं अस्थी घेऊन पाण्याकडं उतरली, आम्हा बायकांना वरच थांबवलं. नदीकडं पाठ करून बायका रडत होत्या, आणि मला खाली जायचं होतं. माझ्या बापाला कुठं सोडतायत ते बघायचं होतं. कुणी जाऊ दिलं नाही. नंतर नोकरी, सासर, लेकरं. एकटीनं यायचं तर कारण हवं, आणि नदी बघणं हे कारण आमच्या घरात कुणी ऐकून घेतलं नसतं. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा एकटी येऊन घाटावर बसले, तर शेजारच्या बाईनं हळूच विचारलं, "कुणाचं दहावं आहे?" एकटी बाई नदीवर म्हणजे घरात कुणीतरी गेलेलं असणार, दुसरं काही तिला सुचलंच नाही. मी म्हटलं, कुणाचं नाही, नदी बघायला आले. ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली, मग पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून दिला. मला तुझ्या वयात हे मिळालं नाही, याचं दुःख अजून जात नाही. म्हणून तू साडेबाराला स्टँडवर जाऊन बसलीस म्हटल्यावर मला चीड येते, समजून घे.

आता तू इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे हेच पैठण, हे तू परीक्षेत लिहिलंयस. पण राजधानी इथंच का, हे पुस्तकात बघू नकोस, काठावर उभी राहून बघ. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. आपल्या धाराशिवकडचं तेर! वाट नसलेल्या मुलखातून गाड्या भरून पैठणचा अकीक दगड भडोचला जायचा आणि तिथून जहाजांत. तो अकीक तू पायाखाली तुडवलास, तुला माहीत नाही. काठच्या गोट्यांत मळकट, मेणचट दिसणारा एखादा दगड सापडतो. उचल, पाण्यात बुडव आणि सूर्यासमोर धर. कडा मधासारख्या उजळतात आणि आत एकावर एक बारीक पट्टे दिसतात, पांढरे, करडे, तांबूस. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये अंगठीत बसवायला माणसं यासाठी पैसे मोजत होती. बघून झालं की ठेवून दे. जुन्या गावाच्या पांढरीत, म्हणजे वस्तीच्या मातीत, पाऊस पडून गेला की खापरं, मणी वर येतात, त्यांना तर हातच लावायचा नाही. जिथलं तिथं राहिलं तरच पुढच्या माणसाला काही कळेल.

शालिवाहनाची गोष्टही घे. कुंभाराच्या घरी वाढलेला पोरगा मातीचे शिपाई करतो, ते जिवंत होतात आणि शत्रूला पळवतात. आपला शक त्याच्या नावानं, ७८ साली सुरू झालेला. खरं किती ते सोड. मातीचे शिपाई हे सुचायला नदीकाठचा कुंभारवाडाच लागतो. नदी सोडली की ही गोष्टही उरत नाही.

पैठणी केंद्राबद्दल फार लिहीत नाही. किंमत विचारायला जाऊ नकोस, मागावरच्या बाईजवळ अर्धा तास मुकाट्यानं उभी राहा आणि पदराची मागची बाजू बघ. पुढची कोणती आणि मागची कोणती, ओळखता येणार नाही. बस.

धरणावर मात्र तू चुकीच्या नजरेनं गेलीस. "खूप मोठं आहे" एवढंच तुझ्या मेसेजमध्ये आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. जवळजवळ दहा किलोमीटर लांब बांध आणि २७ दरवाजे. पण त्यात तुझं काय आहे, ते बघ. तुझ्या होस्टेलच्या नळाला जे पाणी येतं ते इथून पाइपलाइननं येतं. आणि २०८ किलोमीटरचा डावा कालवा तुझ्या मुलखातून जातो. तुमच्या शिवारातला ऊस ज्या पाण्यावर उभा आहे, ते आधी या भिंतीशी थांबलेलं असतं. या पाण्याखाली शंभराहून जास्त गावांची घरं, शेतं, मारुतीची देवळं गेली आहेत. माझ्यासोबत शिकवणाऱ्या एका बाईंचं माहेर त्यात गेलं. दुष्काळात साठा मृतसाठ्यावर आला की त्या काठावर जाऊन उभ्या राहायच्या, काही वर आलंय का बघायला. त्यांच्याकडून मी गावाचं सगळं लिहून घ्यायला हवं होतं, पण वेळ मिळेमिळेपर्यंत त्या गेल्या. तू धरणावर गेलीस तर तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचार, तुमचं गाव कोणतं. फोटो नंतर काढ. २००६ च्या ऑगस्टमध्ये दरवाजे उघडावे लागले आणि पैठण गावात पाणी शिरलं, त्याबद्दलही विचार. पाणी कुठवर आलं होतं ते लोक भिंतीला हात लावून दाखवतात.

आणि मी हट्टी आहे असं तुला वाटत असेल, तर आहे. शाळेत असताना सहल म्हणजे एका दिवसात देवगिरी, वेरूळ, पैठण. पोरं गाडीत ओकायची, आम्ही दर ठिकाणी डोकी मोजायचो आणि संध्याकाळी पोरांना विचारलं तर किल्ला कुठला नि लेणी कुठली, सगळा काला. मी म्हटलं, माझा वर्ग पैठणला जाईल आणि दिवसभर नदीवरच राहील. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, सहल काढताय का दशक्रिया?" पालकही नाराज झाले. पण त्याच वर्गातली पोरं आज बापे झालीत, रस्त्यात भेटली की वाळवंटात बसून खाल्लेल्या भाकरीची आणि नाथांच्या पोराच्या गोष्टीची आठवण काढतात. वेरूळची कुणी काढत नाही. वेरूळ कमी आहे म्हणून नव्हे. तिथं त्यांना कुणी बसूच दिलं नव्हतं म्हणून. मला कुणी काही म्हणो, मी बरोबर होते.

आता कामाचं. सकाळी सातच्या सुमाराची लालपरी धर. अर्धं तिकीट आहेच. बिडकीन, ढोरकीन करत गाडी पैठणला पोचते. उतरल्या उतरल्या परतीची शेवटची गाडी किती वाजता ते चौकशी खिडकीवर विचार आणि हातावर लिहून ठेव. बाथरूमचं स्टँडवरच उरकून घे, पुढं सोय शोधावी लागते. पाण्यात घोट्याच्या वर जायचं नाही. वरून पाणी सोडतात तेव्हा पात्र बघता बघता भरतं, भोंगा ऐकू आला की लगेच पायऱ्या चढायच्या. दुपारचं ऊन समाधी मंदिराच्या सावलीत काढ, डबा तिथंच खा. कुणी उगाच मागं लागलं तर घाटावरच्या बायकांत जाऊन बस, त्या सांभाळून घेतात. पहिल्यांदा नाथषष्ठीला जाऊ नकोस. दिंड्या, रांजण, काला हे सगळं बघण्यासारखं आहे, पण त्या गर्दीत नदी दिसत नाही, माणसंच दिसतात. ते पुढच्या वर्षी आपण दोघी बघू.

यादी करू नकोस. करायचीच असेल तर एकच ओळ लिही, नदी, आणि दिवसभर तिच्याशी राहा. दुपारी कंटाळा येईल, मला माहीत आहे. दीड-दोनच्या सुमारास वाटेल की आता काय उरलंय. तेव्हा स्टँडकडं वळायचं नाही. जागा बदल, दुसऱ्या घाटावर जा, पण नदी सोडू नकोस.

तुझ्या आईला मी उद्या फोन करते. ती म्हणेल एकटी कशाला, मैत्रिणीला घेऊन जा म्हणावं. मैत्रीण नंतर कधीतरी, असं मी तिला सांगते. माझं ती ऐकेल. रविवार धरू नकोस, गुरुवार-शुक्रवार बघ, आणि कोणत्या गाडीनं निघतेस ते आदल्या रात्री मला कळव.

तुझी,
मॅडम