पहिली इमारत एका खोलीचीच करावी
टेबलावरच्या लढाईच्या खेळासाठी छोट्या सैनिकांच्या मापाच्या इमारती बनवताना वाईजवळच्या मेणवलीतील नाना फडणवीसांच्या वाड्याच्या प्रतिकृतीपासून सुरुवात करण्याची तुमची इच्छा मी समजू शकतो. परंतु पहिले काम उतरत्या छपराच्या एका खोलीचे घ्यावे, कारण कमानी आणि सज्जे यांतच बहुतेकांचा उत्साह संपतो.

सर्वांत आधी माप. खेळातला २८ मिमीचा सैनिक त्याच्या पायाखालच्या बैठकीसह कागदावर उभा धरून त्याच्याभोवती दार आखावे. साधारण ४० मिमी उंचीचे दार नजरेला पटते. निव्वळ हिशेबाने काढलेले दार बैठकीमुळे उंच झालेल्या सैनिकापुढे ठेंगणे दिसते. छप्पर चिकटवू नये. ते उचलता आले तरच खेळताना आत सैनिक ठेवता येतात.

भिंतींसाठी ५ मिमीचा फोमबोर्ड, म्हणजे दोन कागदांमध्ये थर्मोकोलसारख्या फोमचा थर असलेला फलक, पुरेसा आहे. तो एका दमात कापण्याचा हट्ट न धरता, नव्या पात्याने तीन हलक्या फेऱ्यांत कापावा.

थर्मोकोलवर थेट स्प्रेचा रंग मारणे ही हमखास होणारी चूक आहे, कारण त्यातील द्रावकाने थर्मोकोल विरघळतो. माझा पहिला बुरूज, दिवाळीचे किल्ले बांधून आलेल्या फाजील आत्मविश्वासासह, साताऱ्यातील आमच्या गच्चीवर असाच खड्डे पडून बसला. म्हणून आधी फेविकॉल आणि काळा ॲक्रिलिक रंग यांचे मिश्रण ब्रशने लावून पूर्ण वाळू द्यावे. पुठ्ठा वापरल्यास ते दोन्ही बाजूंना लावावे, अन्यथा तो वाकतो.

आपल्याकडच्या काळ्या दगडासाठी त्यावर करडा रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने, फक्त कडांवर फिरवावा. शेवाळ, ओघळ आणि फुटकी कौले यांचे दुसऱ्या घराच्या वेळी पाहू.